हिशेब मोडणारे प्लास्मिड

वर्धा जिल्ह्याच्या आरोग्याचा इतिहास कुष्ठरोगाला वगळून सांगता येत नाही. मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभे केले. बाबा आमट्यांचा जन्म याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कुष्ठरोगावर एकाऐवजी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत राबवली गेली, त्यांत वर्धा होता. ही पद्धत एका हिशेबावर उभी होती. आज इस्पितळांमध्ये जिवाणू औषधांना दाद देईनासे झाले आहेत, तो प्रश्न समजून घ्यायलाही याच हिशेबापासून सुरुवात करावी लागते, कारण तो हिशेब कुष्ठरोगात बरोबर ठरला आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या बाबतीत साफ चुकला.

हिशेब असा. कुष्ठरोगावर कित्येक वर्षे डॅप्सोन ही एकच गोळी दिली जात होती. तिला न जुमानणारे जिवाणू १९६४ मध्ये मलेशियात सिद्ध झाले आणि मग ठिकठिकाणी सापडू लागले. साधारण दहा लाख जिवाणूंमागे एखादा डॅप्सोनला आपोआप दाद देईनासा होतो. रिफाम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण साधारण एक कोटीमागे एक धरतात. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जिवाणू निघायचा तर या दोन आकड्यांचा गुणाकार करावा लागतो, म्हणजे दहा लाख कोटींमागे एक. रोग कितीही बळावलेला असला तरी रुग्णाच्या शरीरात इतके जिवाणू नसतात. त्यात क्लोफाझिमिनची भर घातली की वाट जवळजवळ बंदच. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये या तीन औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. २००५ च्या अखेरीस भारतात कुष्ठरुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले, त्यात या उपचाराचा वाटा फार मोठा आहे.

पण गुणाकार करायची मुभा एका अटीवर मिळते. प्रत्येक औषधाविरुद्धची ताकद जिवाणूला वेगवेगळ्या अपघाताने, स्वतःच्या अंगात बदल होऊन मिळायला हवी. कुष्ठरोगाचा जिवाणू ही अट पाळतो. तो माणसाच्या पेशींच्या आत, इतर जिवाणूंपासून दूर राहतो आणि त्याची संख्या दुप्पट व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हा त्यात प्लास्मिड आढळले नाही. बाहेरून काही उसने घ्यायची सोयच त्याच्याकडे नाही. आतड्यात, नाल्यात, मातीत राहणाऱ्या जिवाणूंकडे मात्र ती भरपूर आहे. त्यांना एकाच भेटीत पाच औषधांविरुद्धची ताकद मिळू शकते, आणि मग गुणाकार लागू पडत नाही.

प्लास्मिड म्हणजे काय

जिवाणूचे मुख्य गुणसूत्र हे डीएनएचे एक मोठे वर्तुळ असते. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूत ते सुमारे ४६ लाख अक्षरांचे आहे. बऱ्याच जिवाणूंमध्ये याशिवाय डीएनएची छोटी वर्तुळे स्वतंत्रपणे नांदतात. काही हजार अक्षरांपासून काही लाख अक्षरांपर्यंत त्यांचा आकार असतो, आणि एका पेशीत एखाददुसऱ्यापासून शेकड्यांपर्यंत त्यांच्या प्रती असतात. हीच प्लास्मिडे. ती आपली नक्कल आपणच करतात. रोजच्या जगण्यासाठी बहुधा त्यांची गरज नसते. अडचणीच्या वेळी कामी येणारी जनुके त्यांच्यावर असतात. औषध निकामी करणारी, पारा किंवा तांब्यासारखे धातू सोसण्याची ताकद देणारी, विष तयार करणारी, एखादे नवे अन्न पचवणारी अशी ती जनुके. काळपुळी या जनावरांच्या रोगाचा जिवाणू मारक ठरतो तो त्याच्या दोन प्लास्मिडांमुळे. ती नसली तर त्याचा बराचसा दरारा जातो.

प्लास्मिड हे नाव अमेरिकेतले संशोधक जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये दिले. त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी आणि एडवर्ड टेटम यांनी दाखवले होते की ई. कोलायचे दोन वाण एकत्र वाढवले तर त्यांच्यात जनुकांची देवघेव होते. जिवाणूंमध्ये वारसा केवळ आईकडून मुलीकडे जातो, ही समजूत तिथे संपली. १९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांना निराळी वाट दिसली होती. न्यूमोनियाच्या मेलेल्या जिवाणूंचा गुण जिवंत जिवाणूंनी उचलला होता. तो गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे, हे १९४४ मध्ये ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी सिद्ध केले. तिसरी वाट १९५२ मध्ये झिंडर आणि लेडरबर्ग यांना सापडली. जिवाणूंना ग्रासणारे विषाणू एका जिवाणूचा डीएनएचा तुकडा चुकून उचलतात आणि दुसऱ्यात नेऊन टाकतात.

या तिन्हींत इस्पितळाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची वाट म्हणजे प्रत्यक्ष भेटीतून होणारी देवघेव, तिला कॉन्जुगेशन म्हणतात. ती कशी घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्लास्मिड बाळगणाऱ्या जिवाणूच्या अंगातून पायलस नावाचा बारीक तंतू बाहेर निघतो, शेजारच्या जिवाणूला चिकटतो आणि आखडत जाऊन त्याला जवळ ओढतो. दोघांच्या भिंती भिडल्या की प्लास्मिडच्या दोन पदरांपैकी एक पदर ठरलेल्या जागी कापला जातो आणि उलगडत उलगडत शेजाऱ्याच्या आत शिरतो. मागे राहिलेल्या पदराला नवा जोडीदार पदर तयार होतो, आणि आत गेलेल्यालाही. देणाऱ्याचे काही कमी होत नाही. काही मिनिटांत दोघांकडे पूर्ण प्लास्मिड असते, आणि घेणारा आता स्वतः देणारा झालेला असतो. त्यासाठी दोघे एकाच जातीचे असायला हवेत असेही नाही. ई. कोलायकडून क्लेब्सिएलाकडे, क्लेब्सिएलाकडून सालमोनेलाकडे प्लास्मिडे जातात.

या देवघेवीला अडथळे आहेत. परका डीएनए कापून टाकणारी विकरे बहुतेक जिवाणूंकडे असतात. काही प्लास्मिडे मोजक्याच जातींत टिकतात, आणि एकाच गटातली दोन प्लास्मिडे एका पेशीत सुखाने नांदत नाहीत. तरीही जिथे एका ग्रॅम विष्ठेत अब्जावधी जिवाणू असतात, तिथे क्वचित घडणारी गोष्टही रोज घडते.

जपानने दिलेला इशारा

हिशेब मोडतो हे पहिल्यांदा जपानमध्ये लक्षात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे हगवणीवर सल्फा औषधे आणि नंतर प्रतिजैविके सर्रास वापरली जात होती. १९५५ मध्ये हगवणीचा असा शिगेला जिवाणू सापडला की तो सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना दाद देईना. चार वेगळे अपघात एकाच जिवाणूत एका वेळी घडणे जवळजवळ अशक्य, म्हणून संशोधक चक्रावले. १९५९ मध्ये ओचिआई आणि अकिबा यांनी उत्तर दिले. दाद न देणारे ई. कोलाय आणि औषधाला बळी पडणारे शिगेला एकत्र वाढवले की चारही औषधांविरुद्धची ताकद एकदमच पलीकडे जाते. १९६३ मध्ये त्सुतोमु वातानाबे यांनी या साऱ्याचा इंग्रजीत आढावा घेतला आणि जगाचे लक्ष वेधले. वंशपरंपरेने मिळणारा गुण संसर्गाने पसरू शकतो, हे त्यांचे सांगणे होते.

प्लास्मिडवर एवढी जनुके गोळा कशी होतात, याचे उत्तर पुढच्या दशकांत मिळत गेले. ट्रान्सपोझॉन नावाचे डीएनएचे तुकडे गुणसूत्रावरून प्लास्मिडवर, एका प्लास्मिडवरून दुसऱ्यावर उड्या मारतात. इंटिग्रॉन नावाची रचना अशी जनुके एकापाठोपाठ ओळीने बसवून घेते. परिणामी प्लास्मिड हे प्रवासाला निघालेल्या माणसाच्या गाठोड्यासारखे होते. त्यातली एकच वस्तू कामाची असली तरी गाठोडे सबंधच न्यावे लागते. रुग्णाला को-ट्रायमॉक्साझोल दिले तरी त्याच प्लास्मिडवर असलेले जेंटामायसिनविरुद्धचे जनुक आपोआप टिकते आणि वाढते. एका औषधाच्या वापराने दुसरे औषध निकामी होते ते असे.

सेवाग्रामची थाळी

वर्धा शहराच्या दोन बाजूंना दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. एक सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ती कस्तुरबा रुग्णालयाच्या जोडीने सुरू झाली. दुसरे १९९० मध्ये सुरू झालेले सावंगी मेघेचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून आणि शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण इथे येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर नजर ठेवणारे जाळे उभारले, आणि सेवाग्रामची संस्था त्या जाळ्यातल्या केंद्रांपैकी एक आहे.

अशा प्रयोगशाळेत रोज जे काम चालते ते दिसायला साधे आहे. लघवीच्या किंवा रक्ताच्या नमुन्यातून जिवाणू वाढवून घेतात. त्याची वसाहत मिठाच्या पाण्यात ठरावीक गढूळपणा येईपर्यंत कालवतात आणि कापसाच्या बोळ्याने म्युलर-हिंटन आगरच्या थाळीवर सगळीकडे सारखी पसरवतात. वर सहा मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत एका औषधाची ठरलेली मात्रा असते. थाळी रात्रभर उबवणीपेटीत राहते. सकाळी जिवाणूंची दुधाळ साय सगळीकडे धरलेली असते, आणि जे औषध लागू पडते त्याच्या चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ असते. ते वर्तुळ मोजपट्टीने मोजायचे, तक्त्याशी ताडायचे आणि अहवाल लिहायचा.

चिवट ई. कोलाय असला की या थाळीचे रूप बदलते. ॲम्पिसिलिन, सेफ्ट्रिॲक्झोन, जेंटामायसिन, को-ट्रायमॉक्साझोल या साऱ्या चकत्यांच्या अगदी कडेला साय चिकटलेली असते. यांतल्या बहुतेकांविरुद्धची जनुके प्लास्मिडवरून आलेली असतात. सिप्रोफ्लॉक्सासिनचे थोडे निराळे आहे. तिथे मुख्य वाटा गुणसूत्रावरच्या बदलांचा, आणि प्लास्मिडवरची जनुके त्यांना हातभार लावतात. थाळीवर वर्तुळे उरतात ती कार्बापेनेम गटातल्या औषधांभोवती, आणि आता तीही आकसू लागली आहेत. याच जाळ्याच्या अहवालांनुसार देशातल्या मोठ्या इस्पितळांत त्याच गटातल्या इमिपेनेमला बळी पडणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते, ते २०२२ मध्ये सुमारे ६६ टक्क्यांवर आले. पाच वर्षांत एवढी घसरण केवळ नवनव्या अपघाती बदलांनी झाली असती असे मानणे कठीण आहे. तिच्यामागे हातोहात फिरणारी जनुके आहेत.

या जनुकांपैकी दोन भारताशी निगडित आहेत. सीटीएक्स-एम-१५ हे सेफ्ट्रिॲक्झोनसारखी औषधे फोडणारे विकर. दिल्लीत १९९९ मध्ये मिळालेल्या जिवाणूंमधून त्याचे पहिले वर्णन झाले आणि आता ते जगभर आहे. त्याच्या कुळाचे मूळ क्लुव्हेरा नावाच्या, माणसाला फारसा त्रास न देणाऱ्या जिवाणूच्या गुणसूत्रात सापडते. कुठल्याशा भेटीत ते जनुक प्लास्मिडवर चढले आणि निघाले. दुसरे एनडीएम-१. भारतात उपचार घेतलेल्या भारतीय वंशाच्या स्वीडिश रुग्णात २००८ मध्ये ते आढळले. त्याच एका रुग्णाच्या क्लेब्सिएलात आणि ई. कोलायमध्येही ते होते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ निघाले. त्याच वर्षी लॅन्सेटच्या संसर्गरोगविषयक मासिकात आलेल्या लेखाने खळबळ उडाली. एनडीएम या नावात नवी दिल्ली असल्याने चर्चा बराच काळ त्या बदनामीभोवती फिरत राहिली. मुंबईचे आकडे मात्र आपल्याच डॉक्टरांचे होते, आणि ते आधीच आले होते.

सिंधमधला विषमज्वर हे याहून ठळक उदाहरण. २०१६ पासून पाकिस्तानच्या हैदराबादेत विषमज्वराचे असे जिवाणू आढळले की त्यांच्यावर ॲझिथ्रोमायसिन आणि कार्बापेनेम एवढीच औषधे चालत. जनुके वाचल्यावर दिसले की विषमज्वराच्या जिवाणूने आतड्यातल्या जिवाणूंकडून एक प्लास्मिड उचलले होते. औषधांची एक अख्खी फळी एका देवघेवीत कोसळली.

नाला, नदी आणि गोठा

प्लास्मिडांची भेट फक्त इस्पितळात होत नाही. २०११ मध्ये दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये एनडीएम-१ चे जनुक सापडले. त्याच अभ्यासात असेही दिसले की हे प्लास्मिड ३० अंश सेल्सिअसच्या आसपास अधिक सहज दुसऱ्याकडे जाते. विदर्भातल्या उघड्या नाल्याचे पाणी वर्षातले कित्येक महिने या तापमानाला असते. धाम, वणा आणि वर्धा या नद्या जिल्ह्याची तहान भागवतात. गावाचे सांडपाणी, इस्पितळाचे सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांच्यातले अंतर राखणे हा आता केवळ स्वच्छतेचा विषय राहिलेला नाही. औषधे टिकवायची असतील तर तेच मुख्य काम आहे.

गोठ्यातही हेच. गवळाऊ गाईंचा हा प्रदेश. दुभत्या जनावराला कासदाह झाला की सडातून प्रतिजैविक सोडतात. ठरलेले दिवस ते दूध वापरायचे नसते, हा नियम पुष्कळदा पाळला जात नाही. कोंबड्यांना वजन वाढावे म्हणून औषधे देण्याची सवय तर आणखी घातक. कोलिस्टिन हे इस्पितळातले अखेरचे औषध. त्याविरुद्धचे एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांमधल्या जिवाणूंत प्लास्मिडवर सापडले. भारताने २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली, ती योग्यच आहे.

कपाशीतले जनुक

वर्धा कापसाचा जिल्हा आहे, आणि कपाशीच्या शेतातही प्लास्मिडाचा इतिहास उभा आहे. बीटी कपाशीतले क्राय१एसी हे जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूकडून घेतलेले आहे. त्या जिवाणूत अळ्यांना मारणाऱ्या विषाची जनुके बहुधा मोठ्या प्लास्मिडांवर असतात, आणि ती त्याच्या भावंड जातींकडे जाऊ शकतात. कपाशीत हे जनुक घालायला वापरलेले साधनही प्लास्मिडच. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू झाडाच्या खोडावर गाठी आणतो. त्याच्या टीआय प्लास्मिडचा एक तुकडा झाडाच्या पेशीत शिरून तिथल्या गुणसूत्रात बसतो. हे प्लास्मिड १९७४ मध्ये बेल्जियममध्ये ओळखले गेले, आणि १९७७ मध्ये त्याचा तुकडा झाडात सापडला. गाठीची जनुके काढून हवे ते जनुक बसवले की तोच जिवाणू वाहक होतो. जालन्याच्या महिकोने अमेरिकेच्या मोन्सँटोसोबत आणलेल्या बीटी वाणांना २६ मार्च २००२ रोजी मंजुरी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले.

दोन जनुके कशासाठी? त्यामागे कुष्ठरोगातलाच हिशेब होता. एका विषाला पुरून उरणारी अळी सापडेल, दोन्हींना पुरून उरणारी जवळजवळ सापडणार नाही. पण इथे हिशेब दुसऱ्याच कारणाने बिघडला. अळीकडे प्लास्मिड नाही. तिचा बदल तिच्याच गुणसूत्रातला. गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देत नाही हे २०१० मध्ये जाहीर झाले. म्हणजे दुसरे जनुक आता एकटेच लढत होते. तेव्हा पाकिटासोबत मिळणारी १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी बांधावर पेरायची असे, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्या शिल्लक राहाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन बाकीच्या अळ्यांचा चिवटपणा पातळ व्हावा. ती पुडी बहुतेक वेळा पेरलीच गेली नाही. फरदड घेण्याच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवण्याच्या, सवयीमुळे अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळत गेले. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्यांनी भरलेली पऱ्हाटी उपटण्याची वेळ आली. कुष्ठरोगात डॅप्सोन निकामी झाल्यावर त्यात एकच नवे औषध जोडले असते तर जे झाले असते, तेच शेतात झाले.

बीटी कपाशीबद्दल आणखी एक शंका लोकांच्या मनात असते. या झाडात कॅनामायसिन या औषधाविरुद्धचे खुणेचे जनुकही आहे. ते सरकीतून जनावराच्या पोटातल्या जिवाणूंकडे गेले तर? शक्यता शून्य नाही, पण फार कमी आहे, कारण झाडाचा डीएनए जिवाणूने उचलून स्वतःच्या गुणसूत्रात बसवणे सोपे नसते. शिवाय हे जनुक माती आणि आतड्यातल्या जिवाणूंमध्ये आधीपासून फिरतेच आहे. भीती बाळगायची तर गोठ्यातल्या औषधांच्या बाटलीची बाळगावी.

मातीत ही देवघेव शेतकऱ्याच्या भल्याचीही असते. तूर, हरभरा, सोयाबीन पेरताना बियाण्याला रायझोबियम चोळतात. मुळांवर गाठी आणून हवेतला नत्र बांधणारी जनुके काही रायझोबियममध्ये प्लास्मिडांवर, तर काहींत गुणसूत्रावरच्या उचलता येणाऱ्या तुकड्यांवर असतात. न्यूझीलंडमध्ये १९९५ मध्ये दिसले की पेरलेल्या जिवाणूंचा असा तुकडा स्थानिक मातीतल्या जिवाणूंनी उचलला आणि तेही गाठी आणू लागले. याची दुसरी बाजू पश्चिम ऑस्ट्रेलियात आढळली. जनुके उचललेले काही स्थानिक जिवाणू गाठी आणत, पण नत्र जेमतेम बांधत. म्हणून जिवाणू खताची शुद्धता आणि दर्जा यांना महत्त्व आहे.

कामाला लावलेले प्लास्मिड

प्लास्मिडकडे केवळ संकट म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्लास्मिडमध्ये परके जनुक बसवून ते जिवाणूत वाढवून दाखवले. १९७८ मध्ये त्याच मार्गाने माणसाचे इन्सुलिन जिवाणूत तयार झाले आणि १९८२ मध्ये ते बाजारात आले. त्याआधी डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर भागवावे लागे. तेल पचवणाऱ्या प्लास्मिडांवरचे आनंद चक्रवर्ती यांचे काम १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सजीवाच्या पेटंटचा प्रश्न तिथे निकाली निघाला. अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी ही कोविडची लस २०२१ मध्ये मंजूर झाली. माणसासाठी मंजूर झालेली ती प्लास्मिडची जगातली पहिली लस. ज्या गुणामुळे प्लास्मिड इस्पितळात घातक ठरते, त्याच गुणामुळे ते प्रयोगशाळेत उपयोगी पडते.

वादाचा मुद्दा

औषधे वापरणे कमी केले की जिवाणू प्लास्मिड टाकून देतील का? कागदावर द्यायला हवे, कारण प्लास्मिड सांभाळायला खर्च येतो. प्रत्यक्षात तसे नेहमी होत नाही. अनेक प्लास्मिडांवर विष आणि उताऱ्याची जोडी असते. प्लास्मिड गमावलेल्या पेशीत उतारा लवकर संपतो, विष उरते, पेशी मरते. काही पिढ्यांत जिवाणू तो खर्च भागवायलाही शिकतो. शिवाय पाणी-मातीतले जस्त, तांबे यांसारखे धातू हेच गाठोडे टिकवून ठेवतात. स्वीडनच्या क्रोनोबर्ग जिल्ह्यात ट्रायमेथोप्रिमचा वापर दोन वर्षे सुमारे ८५ टक्क्यांनी घटवला, तरी दाद न देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण जेमतेम हलले. याउलट चीनने २०१७ मध्ये जनावरांच्या खाद्यातले कोलिस्टिन बंद केल्यावर एमसीआर-१ चे प्रमाण लक्षणीय घटले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर बोध असा निघतो: वापर कमी करणे आवश्यक आहे, पण तेवढ्यावर भागणार नाही, आणि उशीर झाला की परतीची वाट लांबते.

माझे म्हणणे इथे स्पष्ट मांडतो. जिथे जिवाणू एकटा आहे तिथे औषधांची संख्या वाढवून जिंकता येते. जिथे जिवाणू गर्दीत आहे तिथे गर्दी मोडावी लागते. नवे औषध आले तरी त्याविरुद्धचे जनुक कुठल्या तरी मातीतल्या जिवाणूत आधीपासून असण्याचीच शक्यता मोठी. ते प्लास्मिडवर चढून रुग्णापर्यंत पोहोचायला किती भेटी लागतील, हे मात्र आपल्या हातात आहे. भेटी कमी करायच्या तर डॉक्टर-परिचारिकांच्या हातांची स्वच्छता, रुग्णांच्या खाटांमधले अंतर, इस्पितळाच्या सांडपाण्यावर तिथेच प्रक्रिया, संडासाचे बंदिस्त मैलापाणी आणि शुद्ध नळपाणी या गोष्टी लागतात. विषाणूच्या सर्दी-तापावर प्रतिजैविकाची पुडी न देणे हाही त्याच साखळीतला दुवा. कारण प्रत्येक अनावश्यक पुडी आतड्यातल्या साध्या जिवाणूंना मारते आणि प्लास्मिडवाल्यांना जागा करून देते. अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर २०१४ पासून अनुसूची एच-१ चे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवून विकण्याचे, बंधन आहे. ते कागदावर न राहता प्रत्येक मेडिकलच्या दुकानात दिसायला हवे. लसही इथे कामाची, कारण जो आजार झालाच नाही त्यावर औषध लागत नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये विषमज्वराची नवी संयुग्मित लस देशात सर्वप्रथम मोहिमेने दिली. तो धडा विदर्भातल्या शहरांनी गिरवावा.

यात वर्ध्याला विशेष संधी आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने इथूनच सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री देशभर रुजवली. घरोघर जाऊन रुग्ण शोधायचे, गावाला समजावायचे आणि घराजवळ औषध द्यायचे. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंसाठीही हीच रीत चालेल. सर्वेक्षण म्हणजे दोन्ही महाविद्यालयांच्या थाळ्यांचे निष्कर्ष एकत्र करून जिल्ह्याचा तक्ता दर वर्षी काढायचा, आणि त्यात इस्पितळाचे सांडपाणी, नदीचे पाणी आणि दूधही धरायचे. शिक्षण म्हणजे आशा सेविका, पशुवैद्यक आणि औषध दुकानदार यांना त्या तक्त्याचा अर्थ सांगायचा. उपचार म्हणजे देवळी, आर्वी, समुद्रपूरच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरलाही नमुना पाठवून दोन दिवसांत अहवाल मिळायचा, म्हणजे त्याला अंदाजाने सर्वांत भारी औषध लिहावे लागणार नाही. ही कामे करायला नवा शोध लागत नाही. प्रयोगशाळा आहेत, माणसे आहेत, अनुभव आहे. जिल्हा प्रशासन, पशुसंवर्धन विभाग आणि दोन्ही महाविद्यालये यांनी एका टेबलाभोवती बसून पहिला तक्ता काढायचा तेवढा बाकी आहे.